इंग्रजी तुझी नाही, त्यांचीही नाही. मग शिकवतेस काय?

चर्चमधल्या मावशी विचारतात, ऑफिसातले विचारतात, परवा तर रिक्षावाल्या काकांनीही विचारलं. पोलंडच्या पोरांना इंग्रजी शिकवायला कोल्हापूरची बाई कशाला लागते? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पोलंडच्या शाळांना जूनअखेरीस सुट्टी लागते, ती ऑगस्ट संपेपर्यंत. त्या दिवसांत दक्षिणेकडच्या बेस्किद डोंगरांत, विस्वा गावाजवळ, आमचं दहा दिवसांचं शिबिर भरतं. देश कॅथलिक असला तरी या कोपऱ्यात लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची मंडळी सोळाव्या शतकापासून टिकून आहेत. सकाळी इंग्रजी, दुपारी खेळ, रात्री शेकोटीभोवती गाणी आणि बायबलमधली एखादी गोष्ट. शिबिर ख्रिस्ती आहे हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगितलेलं असतं. त्यात लपवाछपवी असती तर मी गेलेच नसते.

मुलांना इंग्रजी येत नाही असं नाही. शाळेत शिकतात, वहीत बरोबर लिहितात. तोंड मात्र उघडत नाहीत. अमेरिकेहून आलेले स्वयंसेवक भरभर, सुंदर बोलतात आणि मुलं नुसती बघत राहतात. हे गप्प बसणं मला आतून माहीत आहे. मी मराठी शाळेतली, इंग्रजी पाचवीपासून. उत्तर येत असूनही हात वर न केलेले कितीतरी तास माझ्या खात्यावर आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगते, ही माझीही शिकलेली भाषा आहे. मग खांदे जरा सैल पडतात.

पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर एकीला विचारलं, "आर यू हंग्री?" ती म्हणाली, "नो, नो," आणि ताटली पुढे केली. मी गोंधळले. पोलिश बोलताना 'नो' म्हणजे 'हो ना'! आता मी आधी मान बघते, मग शब्द ऐकते.

खरी गंमत 'अ' आणि 'द' शिकवताना येते. पोलिशमध्ये हे शब्द नाहीत, मराठीतही नाहीत. ज्याच्या भाषेत ते जन्मापासून आहेत त्याला ते कुठे घालायचे हे कळतं, का ते सांगता येत नाही. मी मला कळलं तसं सांगते. गोष्टीत कुत्रा पहिल्यांदा येतो तेव्हा तो 'एक कुत्रा', ओळख झाली की 'तो कुत्रा'. त्यांच्याकडे 'येदेन' आणि 'तेन' आहेतच. अर्ध्या तासात त्या कुत्र्याच्या दहा गोष्टी तयार होतात.

पोलंडच का, असंही विचारता. आजोबा वळिवड्याच्या छावणीबद्दल सांगायचे. सायबेरियातल्या हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बाया आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात आमच्या कोल्हापूरशेजारी राहिले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. लहानपणी मी त्याच्याजवळून खेळत गेलेय. शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा तो देश मला परका वाटला नाही.

मागच्या उन्हाळ्यातली शेवटची रात्र. प्रभूची प्रार्थना तिन्ही भाषांत म्हणायची ठरलं. मी मराठीत म्हटलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या." नंतर दहा वर्षांची एक मुलगी वही घेऊन जवळ आली. दहा दिवस ती फक्त 'येस' आणि 'थँक यू' म्हणत होती. तिला माझा तो शब्द हवा होता. मी 'पिता' लिहिलं, खाली 'पित्या' लिहिलं आणि हाक मारून दाखवली. तिने पेन घेतलं. शेजारी स्वतःचा शब्द लिहिला, 'ओयचेत्स', त्याखाली 'ओयचे'. बाप आणि बापाला मारलेली हाक. इंग्रजीत दोन्हीकडे 'फादर'च. तिने चारही शब्दांवरून बोट फिरवलं, वर बघितलं आणि म्हणाली,

"व्हेन यू कॉल, वर्ड चेंज. लाइक अस!"

'द' राहिला होता, क्रियापदाचा 'स'ही राहिला होता. मी काहीच दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं, "येस. लाइक अस."