दिलेल्या लेकी

"पोरं किती?" "चार." खानापूरकडच्या आजींचं उत्तर आज ऐकलं. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थिनीने वहीतल्या वंशावळीत चार त्रिकोण, म्हणजे चार मुलगे, काढले आणि पुढच्या घराकडे वळली.

आजींनी 'पोरं' म्हणून मुलगेच मोजले होते. दिवाळीला माहेरी कोण येतं, एवढंच विचारायचं होतं. चंदगडला दिलेल्या लेकींची नावं लगेच निघाली असती.

त्रिकोण पुरुष, वर्तुळ बाई, बरोबरचं चिन्ह लग्न, तिरकी रेघ मयत. हे तासाभरात येतं. वंशावळीतून गळतात त्या लेकी आणि तान्हेपणी गेलेली मुलं. म्हणून बाळंतपणं एकेक करून, क्रमाने विचारायची. शक्यतो घरातले पुरुष शेतावर असताना! टिपणं त्याच रात्री विस्तारायची, उद्यावर टाकली की निम्मी विरतात.

धारवाडला, पुण्याला हा विषय शिकायला जाणाऱ्या आपल्या पोरांना मराठी-कन्नड दोन्ही येतात. तरी छापील प्रश्नावलीच का वाचत बसतात?