बर्फात जीव गुदमरत नाही का?

"दिवसभर बर्फात घरात कोंडून बसायचं, जीव गुदमरत नाही का हो काकू?" अमेरिकेत मिनिआपोलिसला लेकीकडं हिवाळा काढून कोल्हापूरला परतले की हा प्रश्न ठरलेला. भिशीत हाच, महाद्वार रोडवर कुणी भेटलं तरी हाच. त्याच्या पाठोपाठ दुसरा: मग दूध-भाजी कशी आणता? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. तुमच्यातल्या कितीतरी जणांची मुलं आता तिकडं आहेत, आणि निव्वळ थंडीच्या धास्तीनं तुम्ही जायचं टाळता, याचं मला वाईट वाटतं.

कोंडून आम्ही बसतच नाही. जे बसतात त्यांचा जीव खरंच गुदमरतो. डिसेंबरात तिथं साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. पडदे ओढून टीव्हीसमोर बसलं की दुपार कधी झाली नि रात्र कधी झाली ते कळत नाही, झोप उडते, चिडचिड होते. म्हणून मी नियम केला: रोज काहीतरी आणायला बाहेर पडायचंच, मग ती कोथिंबिरीची जुडी का असेना.

दुधाची काळजी करू नका. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा दुधापासून पेट्रोलपर्यंत कशाकशाची ओढाताण झाली ते आपण भोगलंय. बर्फाचं तसं नसतं. रात्री वीतभर पडला तरी पुढं मोठं पातं लावलेले ट्रक लगेच कामाला लागतात आणि दुकानं बहुतेक उघडी असतात. फार पडला तर महापालिका 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करते. पहिल्या रात्री नऊपासून मुख्य रस्त्यांवर गाडी लावायची नाही, दुसऱ्या दिवशी बाकीच्या रस्त्यांची सम नंबरांच्या घरांकडची बाजू मोकळी ठेवायची, तिसऱ्या दिवशी विषम. आपल्याकडं सम-विषम तारखा बघतात, तिथं घराचा नंबर बघायचा, एवढाच फरक. गाडी हलवली नाही तर उचलून नेतात.

घरापुढचा फुटपाथ मात्र ज्याचा त्यानं साफ करायचा, बर्फ थांबल्यापासून 24 तासांच्या आत. हे काम मला मनापासून आवडलं. रोज सकाळी अंगण झाडून सडा घालायची सवय असलेल्या बाईला ते परकं वाटतच नाही. कडाक्याच्या थंडीतला बर्फ भुसभुशीत असतो, झाडूनंसुद्धा निघतो. शून्याच्या आसपास पडलेला ओला बर्फ मात्र भलताच जड. तो उचलायचा नाही, फावड्यानं ढकलायचा. आणि हे कळकळीनं सांगते, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर फावड्याला हात लावू नका. गार हवेत अचानक जोर काढल्यानं दरवर्षी माणसं दगावतात. मुलांना सांगा, नाहीतर पैसे देऊन करून घ्या.

मिठाचंही तसंच. लोक पायऱ्यांवर मूठमूठ मीठ फेकतात. खरं तर उणे 9-10 अंशांच्या खाली साधं मीठ बर्फ फारसा वितळवत नाही, तेव्हा पाय घसरू नये म्हणून वाळू टाकायची. तिथलं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की एक चमचा मीठ सुमारे 19 लिटर पाणी कायमचं खराब करतं. मिनिआपोलिस तळ्यांचं गाव आहे. रंकाळ्याच्या पाण्याची काळजी करत मोठे झालेलो आपण, आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

आता बाहेर पडणं. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे 14-15 अंश झाले की आपण कानटोपी शोधतो. तिथं त्याच महिन्यात दुपारीसुद्धा पारा बहुधा शून्याच्या खालीच. पण थंडी अंगावरच्या थरांनी अडते. आत अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, वर वारा न शिरणारं जॅकेट. आतला थर सुती नको, घाम धरून ठेवतो आणि मग हुडहुडी भरते. बूट आधी घालायचे आणि जॅकेट शेवटी, नाहीतर वाकता येत नाही आणि दारातच घामाघूम व्हायला होतं. हातमोजे पाच बोटांचे घेऊ नका, चारही बोटं एकत्र राहतात ते घ्या, बोटांची ऊब बोटांना मिळते. चालताना पावलं छोटी टाकायची, हात खिशात घालायचे नाहीत. वारा धरून उणे 28 च्या आसपास जाणवत असेल तर मी जात नाही. उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, तिथं हट्ट कामाचा नाही.

दुकानातून बाहेर पडताना कोथिंबीर पिशवीत ठेवायची नाही, जॅकेटच्या आत घ्यायची. पिशवीत राहिली तर घरी येईपर्यंत पानं गोठतात आणि ओट्यावर ठेवली की काळी पडून लिबलिबीत होतात. केळ्यांचंही तेच. ती जुडी छातीशी धरून चालताना जॅकेटमधून कोथिंबिरीचा वास वर येत राहतो, आजूबाजूला सगळं पांढरं. मला हे फार आवडतं.

घरातली ऊब मग अंगाला लागते. हीटरनं हवा इतकी कोरडी होते की टाचा फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसतो. म्हणून मी गॅसवर पाण्याचं पातेलं मंद ठेवते, त्यात गवती चहाची दोन पाती. दह्याला विरजण लावलं की भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवायचं, आतला नुसता दिवा लावून. सकाळपर्यंत दही घट्ट.

आणि माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ मी इथूनच नेते. गुळाचं पाणी उकळत ठेवायचं. गूळ आपल्या गुऱ्हाळातलाच हवा, रंग काळपट असला तरी चालेल. पीठ गार पाण्यात गुठळ्या न होता कालवायचं, धार धरून सोडायचं आणि पळी थांबू द्यायची नाही. कच्चा वास गेला, वर चकाकी आली की सुंठ, खोबरं, घोटभर दूध. लेकीच्या शेजारच्या आजोबांनी एकदा आमच्या पायऱ्या न सांगता साफ करून दिल्या, तेव्हा त्यांना वाटीभर दिलं. आता बर्फ पडला की ते माडग्याची चौकशी करतात.

तेव्हा जा. गुडघे धरत असतील, तोल जात असेल तर मात्र मे महिन्यात जा, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांनी जायच्या आधी महिनाभर रोज चालायची सवय लावून घ्या. बूट इथून घेऊ नका, घसरतात. तिथंच, पायात जाड मोजे घालून, एक नंबर मोठे घ्या.