कटान: पहिल्या दोन सेटलमेंटचा हिशोब

सांगलीत बोर्ड गेमच्या संध्याकाळी टेबलाभोवती बुद्धिबळातून आलेला एखादा तरी असतोच. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात दुसरं काय होणार! यांचा हिशोब पक्का, सबुरी दांडगी. पण कटान या बेट वसवायच्या बोर्ड गेममध्ये हीच मंडळी हमखास अडकतात. बुद्धिबळात सगळं समोर उघड असतं, तोंड मिटून विचार केला तरी चालतं. इथे फासे आहेत, दुसऱ्याचे पत्ते झाकलेले आहेत आणि जो बोलत नाही त्याला वीट मिळत नाही.

निम्मा डाव पहिले फासे पडायच्या आधीच ठरतो. बोर्डावर 19 षटकोन असतात: लाकूड, मेंढी आणि गहू प्रत्येकी 4, वीट आणि खनिज प्रत्येकी 3, शिवाय एक वाळवंट. आकड्यांच्या चकत्यांवर बारीक टिंबं असतात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी किती शक्यतांत तो आकडा येतो, ते ही टिंबं सांगतात. 6 आणि 8 ला पाच, 5 आणि 9 ला चार, असं उतरत 2 आणि 12 ला एक. सेटलमेंट म्हणजे वस्ती; ती षटकोनांच्या कोपऱ्यावर बसते आणि भोवतीच्या षटकोनाचा आकडा पडला की त्याचा माल देते. कोपरा निवडताना तिन्ही चकत्यांची टिंबं मिळवा. बेरीज दहाच्या खाली गेली तर तिथे बसायला काहीतरी खास कारण हवं, उदाहरणार्थ तुमच्या मालाचं 2:1 बंदर (त्या मालाचे दोन पत्ते देऊन हवा तो एक घ्यायची जागा).

नुसत्या बेरजेवरही जाऊ नका. दोन्ही सेटलमेंट 6 वरच ठेवल्या आणि 6 रुसला, तर हात हलवत बसावं लागतं. सलग दहा वेळा फासे टाकून एकदाही 6 न येण्याची शक्यता साधारण 22 टक्के असते, म्हणजे हे काही नवलाचं नाही. दोन सेटलमेंटमध्ये पाच-सहा वेगवेगळे आकडे असले की डाव वाहता राहतो.

मग टंचाई बघा. विटेचे तीनच षटकोन, आणि त्यांवर 3, 11, 12 असे आकडे आले असतील तर त्या डावात वीट सोन्याच्या भावाने जाणार. रस्त्याला एक वीट आणि एक लाकूड. सेटलमेंटला या दोन्हींसोबत मेंढी आणि गहू. सुरुवातीला वीट-लाकूड ज्याच्याकडे, तो पसरतो. पुढे सिटीला, म्हणजे सेटलमेंटचं शहर करायला, 3 खनिज आणि 2 गहू लागतात, तिथे पारडं फिरतं. त्यामुळे वीट महाग दिसली तर सरळ गहू-खनिज धरा आणि सिटी, डेव्हलपमेंट कार्ड (माल देऊन घ्यायचे झाकलेले खास पत्ते) यांच्या मागे लागा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा पाय ठेवणारा बहुधा तिसरा येतो.

सुरुवातीचे पत्ते फक्त दुसऱ्या सेटलमेंटभोवतीचे मिळतात, हे शिकवताना हटकून राहून जातं. चौथा खेळाडू दोन्ही सेटलमेंट लागोपाठ ठेवतो, म्हणून त्याने दोन कोपरे जोडीनेच निवडावेत.

सातचं गणितही आधीच सांगून टाका. चौघांच्या डावात तुमची पाळी संपल्यावर पुन्हा काही बांधायला मिळेपर्यंत फासे चार वेळा पडतात. तेवढ्यात एकदा तरी 7 येण्याची शक्यता 52 टक्के. हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे जातात; नऊ असले तर चार. म्हणून आठ पत्ते घेऊन पाळी सोडण्यापेक्षा एखादा रस्ता बांधून मोकळं व्हावं. 7 आला की हलवायचा रॉबर (तो बसलेला षटकोन माल देत नाही) मात्र पुढे असलेल्याच्याच षटकोनावर जातो, त्यात राग धरायचा नसतो, हे नव्या माणसाला डावाआधीच सांगावं. नंतर सांगितलं तर पटत नाही.

सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच. बाकीच्यांनी आपापसांत देवाणघेवाण करायची नाही. घासाघीस रंगते, रंगू द्या, पण दोन मिनिटांची वाळूची घटिका ठेवा. नाहीतर नवखे असलेला डाव दोन तासांत आटपत नाही आणि मिरजेला परतणारे घड्याळ बघू लागतात. बुद्धिबळवाले ‘हात लावला की चालवायचंच’ हा नियम इथेही मागतात. तो नको. फासे पुढच्याच्या हातात जाईपर्यंत बांधकाम मागे घेता यावं. एकदा डेव्हलपमेंट कार्ड उचलून बघितलं की मात्र माघार नाही.

सातजण आले तर चार आणि तीन असे दोन गट करा. पाच-सहा जणांच्या एक्स्टेन्शनमध्ये (जादा संचामध्ये) वाट बघण्यातच वेळ जातो. तिघांच्या टेबलावर स्प्लेंडर हा दुसरा बोर्ड गेम ठेवलात तर रत्नांच्या चकत्या सातऐवजी प्रत्येकी पाचच घ्या. सोन्याच्या पाच राहू द्या.

भडंग डाव संपल्यावर. तेल-हळदीची बोटं पत्त्याला लागली की पिवळा डाग जात नाही, आणि डागावरून कोणाच्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळतं. भडंगाशिवाय कोणी बसायलाच तयार नसेल तर चमचे द्या. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येत नाही, तेव्हा मिठाईच्या खोक्याच्या झाकणात पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पाच खण करा आणि मालाचे गठ्ठे त्यात ठेवा. पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची स्लीव्ह घेताना पत्ता आधी पट्टीने मोजा. रमीच्या पत्त्याच्या मापाची ढिली बसते.

आवरताना प्रत्येक रंगाच्या 5 सेटलमेंट, 4 सिटी, 15 रस्ते मोजून वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत भरा. मालाचे पत्ते 95, प्रत्येक प्रकारचे 19. रस्ता हरवला असेल तर गुल काढलेली आगकाडी त्या मापाची तोडून मार्करने रंगवली की काम भागतं.