तुम्ही विचारलंत म्हणून: एकदा लिहिलेली ओळ दोनदा का छापली जाते?

दादरला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, त्यामुळे दर बॅचला कुणीतरी विचारतंच: "सर, फोर्कच्या आधी प्रिंटएफ एकदाच आहे. स्क्रीनवर ओळ एकदा येते, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की दोनदा. असं कसं?"

प्रिंटएफ म्हणजे मजकूर छापणारं फंक्शन. फोर्क म्हणजे चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, दुसरी प्रत काढणारा कॉल; ती नवी प्रत म्हणजे चाइल्ड. संशय आधी फोर्कवर जातो. चाइल्ड प्रोसेस मेनपासून, म्हणजे प्रोग्रामच्या सुरुवातीपासून, पुन्हा चालत असणार, असं मागच्या बाकावरून ठणकावून सांगितलं जातं. तसं नाही. चाइल्ड फोर्कनंतरच चालू होते.

गोम प्रिंटएफमध्ये आहे. तो मजकूर आधी प्रोसेसच्याच मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. समोर टर्मिनल, म्हणजे स्क्रीन, असेल तर न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) आली की बफर रिकामा होतो. फाइल किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी वाट) असेल तर न्यूलाइनला कुणी विचारत नाही. बफर भरला किंवा प्रोग्राम नीट संपला, तरच मजकूर बाहेर पडतो. फोर्क अख्ख्या मेमरीची नक्कल करतो, त्यात हा भरलेला बफरही आला. टपालात टाकायचं पत्र खिशात असताना माणसाचीच दुसरी प्रत निघाली, तर दोघंही ते टाकणारच.

मुलाखतीतलं आवडतं कोडं याच्यावरच आहे. दोनदा फिरणारा लूप, आत फोर्क आणि मग प्रिंटएफने एक डॅश. डॅश किती? पहिल्या फेरीत दोन अधिक दुसऱ्या फेरीत चार, सहा, असं बहुतेक जण म्हणतात. येतात आठ, कारण शेवटी प्रोसेस चार आणि प्रत्येकीच्या बफरमध्ये दोन डॅश. डॅशपुढे न्यूलाइन टाकली की टर्मिनलवर सहा. तोच प्रोग्राम कॅटला (आलेला मजकूर तसाच पुढे देणाऱ्या कमांडला) पाइप केला की पुन्हा आठ! हे मी फळ्यावर सोडवत नाही, मशीनवर करायला लावतो.

उपाय सरळ: फोर्कच्या आधी एफफ्लश, म्हणजे बफर तिथेच रिकामा करायचा. काही जण सेटव्हीबफने बफरिंगच बंद करतात. चालतं, पण मग मजकुराच्या बारीकसारीक तुकड्यांसाठीही सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला हाक, होतो. मला तो आळशीपणा वाटतो.

खरी फसगत एक्झेकवाल्या प्रोग्राममध्ये होते, म्हणजे जिथे चाइल्डमध्ये दुसराच प्रोग्राम चढवला जातो तिथे. एक्झेक यशस्वी झालं की चाइल्डची जुनी मेमरीच जाते, तिच्याबरोबर बफरची प्रतही. त्यामुळे चूक वर्षानुवर्षं दिसत नाही. एखाद्या दिवशी कमांडचा पाथ चुकतो, एक्झेक फसतं, चाइल्ड साध्या एक्झिटने (जे जाताना बफर रिकामा करतं) बाहेर पडते आणि लॉगमध्ये जुन्या ओळी दुसऱ्यांदा उगवतात. म्हणून तिथे अंडरस्कोरवालं एक्झिट (_exit) लिहायचं. ते बफरला हात लावत नाही.