चौसष्ट पेशंट आणि दोन बेंदूर

सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात मी डेटाचं काम बघतो. गेल्या वर्षी सरांनी सांगितलं, तोंडाच्या कॅन्सरच्या 64 पेशंटची केसपेपरवरची माहिती आणि जनुकांचे रिपोर्ट एकाच पडद्यावर दिसले पाहिजेत. आपल्याकडे मिश्री काय, गुटखा काय, पेशंटचा तुटवडा नव्हताच.

त्यासाठी सीबायोपोर्टल हे कॅन्सरच्या जनुकांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तयार झालेलं, ओपन सोर्स, त्यामुळे फुकट. डॉकर (सॉफ्टवेअर तयार पेटीसारखं बसवायची सोय) वापरून ते दोन दिवसांत चाललं. त्यातला एक दिवस लाईट नसल्याने गेला. मला वाटलं, आता काय, फायली टाकायच्या.

त्यात पेशंटची फाईल वेगळी आणि सॅम्पलची वेगळी. कारण एकाच माणसाची आधी बायोप्सी होते आणि आजार उलटला की परत होते. पेशंट एक, सॅम्पल दोन. दोन्ही फायलींत पेशंट आयडी अक्षरश: तोच हवा. आमच्याकडे केसपेपरला एक नंबर, पॅथॉलॉजीच्या ब्लॉकला (मेणात बसवलेल्या तुकड्याला) दुसरा, लॅबच्या नळीवर तिसरा. एका बाईंचं केसपेपरवर माहेरचं नाव आणि बायोप्सीच्या फॉर्मवर सासरचं! वय आणि 'डावा गाल' यावरून जुळवलं, मग रेकॉर्ड रूमच्या मावशींनी पत्ता बघून होकार दिला.

एक्सेलने तर वैताग आणला. ब्लॉक नंबर 12/19 टाकला की तो डिसेंबर करून टाकतो. सेप्ट2 या जनुकाची 2 सप्टेंबर होते. याच भानगडीमुळे पुढे त्या जनुकांची नावं बदलून सेप्टिन केली गेली, पण आमच्या यादीत जुनीच होती. शेवटी एक्सेल बंद करून साध्या टेक्स्ट एडिटरवर आलो. फायली तपासणारा व्हॅलिडेटर मात्र कडक मास्तर. वयाच्या रकान्यात कुणीतरी '54 वर्षे' लिहिलं होतं. आकड्याच्या रकान्यात अक्षरं दिसताच त्याने फाईल परत केली.

खरा वेळ गेला तो पेशंट किती महिने जगले हे काढण्यात. सॉफ्टवेअरला तारीख नको असते, किती महिने आणि माणूस आहे की नाही, एवढंच हवं असतं. ते काढायला फॉलोअपला न आलेल्यांच्या घरी फोन केले. जत तालुक्यातल्या एका मुलाने सांगितलं, "आबा गेले की, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी."

बेंदूर म्हणजे बैलांचा सण. मी कॅलेंडर उघडून आषाढातला बेंदूर धरला, महिने मोजले, फाईलमध्ये भरले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम जतच्याच. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर. तो ज्येष्ठात असतो." म्हणजे जवळजवळ महिन्याचा फरक. परत फोन लावला. "त्या वेळी पेरणी झाली होती का?" असं विचारल्यावर तो थांबला. "न्हाई, पाऊसच नव्हता. थांबा, दाखला बघतो." दाखल्यावरची तारीख ज्येष्ठातली निघाली. 15 चे 14 केले.

फाईल सातव्या खेपेला पास झाली. सरांनी टीपी53 या जनुकात बदल असलेले आणि नसलेले असे दोन गट पाडले, जगण्याचा आलेख उघडला. 64 माणसांवर काही ठरवायचं नाही, हे तेच आधी म्हणाले. आलेखाची रेघ पायरी-पायरीने खाली येत होती. 14 महिन्यांच्या पायरीवर मी माउस नेला. चौकटीत एक आयडी आला. नाव अर्थातच नव्हतं, नाव-नंबरांची वही सरांच्या कपाटात कुलपात असते.