थ्रीव्ह: डग्लसांचा मनोरा पाहून झाला

मंडळी, स्कॉटलंडमधल्या मनोरेवजा गढ्यांच्या माझ्या यादीतला थ्रीव्ह एकदाचा पाहून झाला. नैर्ऋत्येकडच्या गॅलोवे प्रांतात, कॅसल डग्लस गावाजवळ, डी नदीतल्या बेटावर तो आहे. शेतांमधून चालत काठावर जायचं आणि धक्क्यावरची घंटा वाजवायची, की पलीकडून होडी येते.

छप्पर आणि लाकडी मजले गेलेत, पण पाच मजल्यांच्या दगडी भिंती अजून ताठ आहेत. तळाशी विहीर आणि कैद्यांचा खड्डा, त्यावर मुदपाकखाना, मग दिवाणखाना, वर धन्याच्या खोल्या आणि सगळ्यांत वर शिबंदी. आपल्याकडे गडावर पसरलेलं असतं ते सगळं इथे एकावर एक रचलंय. वरच्या कडेला भोकांची रांग दिसते, ती जरूर पाहा. वेढा पडला की त्यात वासे खोचून भिंतीबाहेर लाकडी सज्जा उभारत आणि तिथून खाली मारा करत.

हा मनोरा उग्र आर्चिबाल्डनं बांधला. तो सर जेम्स डग्लसचा अनौरस मुलगा. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसच्या खांद्याला खांदा लावून लढलेला तोच हा जेम्स. १३६९ मध्ये आर्चिबाल्डला गॅलोवेची जहागिरी मिळाली आणि १३८८ मध्ये तो डग्लसचा तिसरा अर्ल (बड्या सरदाराचा किताब) झाला. १४०० च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तो इथेच वारला.

पुढे घराण्याचं वजन राजघराण्याला खुपू लागलं. १४४० मध्ये कोवळ्या वयाचा सहावा अर्ल विल्यम आणि त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड यांना एडिंबराच्या किल्ल्यात जेवायला बोलावलं आणि तिथेच त्यांची मुंडकी उडवली. तेव्हा राजा दुसरा जेम्स जेमतेम दहा वर्षांचा होता. आठव्या अर्लनं त्या मुलांच्या बहिणीशी, मार्गारेटशी, लग्न करून विभागलेली जहागीर पुन्हा एकत्र आणली. फेब्रुवारी १४५२ मध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्यात राजानं स्वतःच्या हातानं त्याला भोसकलं.

हे डोक्यात ठेवून मनोऱ्याभोवतीची तटबंदी पाहा. माझा बराचसा वेळ तिथेच गेला. मनोरा बांधणाऱ्याला शिड्या आणि बाणांची काळजी होती. आठव्या अर्लला तोफांची होती, आणि त्या काळात मोठ्या तोफा बाळगणं मुख्यतः राजालाच परवडत होतं. १४५० च्या आधी काही वर्षे त्यानं हा तट उभारला. कोपऱ्यांना गोल बुरूज, त्यांत तोफांच्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं. ब्रिटनमध्ये तोफांचा विचार करून केलेल्या सुरुवातीच्या बांधकामांत याची गणना होते. १९७० च्या दशकातल्या उत्खननात मनोऱ्याशेजारच्या मोठ्या इमारतींचे पाये सापडले. तट घालताना त्या पाडल्या होत्या. भोवतीची वस्ती मोडून तट घालावासा वाटला, यावरून त्याला राजाची धास्ती किती होती ते कळतं. आता एकच बुरूज पूर्ण उंचीचा उरलाय. मी त्याच्या प्रत्येक जंगीचं रेखाटन केलं.

१४५५ च्या उन्हाळ्यात राजा स्वतः वेढ्याला आला. तोफा आल्या, दोन महिन्यांहून जास्त काळ गेला, तरी मनोरा पडला नाही. शेवटी शिबंदीनं शरणागती पत्करली ती पैसे आणि जमिनींच्या आमिषानं, असं मानतात. नववा अर्ल त्याआधीच इंग्लंडला पळाला होता आणि जहागीर जप्त झाली. मॉन्स मेग ही अजस्र तोफ याच वेढ्यासाठी घडवली, अशी गोष्ट या भागात सांगतात. ती खरी नाही. तोफ बनली बेल्जियममधल्या मॉन्समध्ये १४४९ साली आणि बर्गंडीच्या ड्यूककडून जेम्सकडे आली १४५७ मध्ये, म्हणजे वेढा संपून दोन वर्षांनी. तुमच्या टिपणांत असेल तर खोडा.

नंतर किल्ला मॅक्सवेलांकडे गेला. १६४० मध्ये ते पहिल्या चार्ल्सच्या बाजूनं लढले, वेढा सुमारे तीन महिने चालला आणि मग गढी निकामी करण्यात आली. आजची पडझड बरीचशी तेव्हाची.

आराखडा कागदावर उतरलाय, वरच्या भोकांची मोजणी दुर्बिणीतून अर्धीच झालीय. पुढचा नंबर जवळच्या ऑर्चर्डटनचा. स्कॉटलंडमधली ही एकमेव गोल मनोरेवजा गढी, डग्लस गेल्यानंतर जॉन केर्न्सनं बांधलेली. तिथलं जिन्याचं काम कुणी मोजलं असेल तर मापं कळवा.