लवंगेची डबी

ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलचं एक सुख म्हणजे बसायला मिळतं. पण मुलुंड आलं की तिघींच्या बाकावर चौथी टेकते, आणि मग कुणाचा श्वास कुणाचा, सांगता येत नाही. नेमकी त्याच वेळी माझी ट्रेनमधली मैत्रीण पर्समधून चपटी स्टीलची डबी काढते. आत लवंगा. एक स्वतःच्या तोंडात, एक माझ्या हातावर. बाकी दोघींना ती विचारतही नाही.

महिनाभर मी ती लवंग प्रेमाची समजून खाल्ली. मग एकदा कांजूर आणि विक्रोळीच्या मध्ये डोक्यात प्रकाश पडला. मलाच का?

आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, कारण नाक त्याला सरावलेलं असतं. ओंजळीत फुंकर मारून पाहिली, काही कळेना. मनगट चाटायचं, सुकू द्यायचं आणि हुंगायचं, असा एक उपाय असतो. तो ऑफिसच्या वॉशरूममध्ये करत असताना नेमक्या मॅडम आत आल्या. त्यांना मी काय सांगणार?

आमच्या आजीकडे असल्या चाचण्या नव्हत्या. ‘आधी तोंड धू, मग बोल,’ म्हणायची. तिची कडुलिंबाची काडी असायची. एक टोक चावून चावून त्याचा कुंचला करायचा, दात घासायचे, आणि शेवटी काडी उभी चिरून त्या फाकेने जीभ खरवडायची. खरवडताना ती असा आवाज काढायची की शेजारचे घड्याळ लावून घेत! दातवणाची काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड असावी, असं सुश्रुतसंहितेत आहे. कडूत कडुलिंब श्रेष्ठ, तुरटात खैर, हेही तिथलंच. खैर म्हणजे आपल्या ठाणे-पालघरच्या रानातला, ज्याचा कात पानात पडतो तोच.

रविवारी जांभळी नाक्यावर गेले आणि ओवा, बडीशेप, लवंग असं सगळं घेऊन आले. शिवाय औषधाच्या दुकानातून लिस्टरिन. पहिली गुळणी केली आणि थबकले, कारण चव ओळखीची होती. पोट दुखल्यावर आई चावायला लावायची तो ओवा! बाटली वाचली तर थायमॉल, म्हणजे ओव्याला ओवापण देणारा पदार्थ. 1879 सालापासून साहेब बाटलीत भरतोय ते आमच्या मिसळणाच्या डब्यात होतंच की. (अभिमान वाटून घेण्यात माझं काही कर्तृत्व नाही, पण वाटला.)

तरी अभिमान जरा आवरता घ्यावा लागतो. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, कडुलिंबाचा अर्क, यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत जिवाणूंची वाढ थांबते, यात खोटं काही नाही. पण ताटलीला जीभ नसते. वासाचं घर बहुतेक वेळा जिभेच्या मुळाशी असतं. रात्री लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, आणि हवा न पोचणाऱ्या खाचांमध्ये जिवाणू प्रथिनांवर ताव मारून गंधकाचे वायू सोडतात. त्यातला एक थेट सडक्या अंड्याचा. हे जिवाणू नदीतल्या दगडावरच्या शेवाळासारखा चिकट थर धरून बसतात. अर्क त्या थरात शिरेशिरेपर्यंत लाळ त्याला पोटात नेऊन सोडते. थर खरवडावाच लागतो. आजीच्या काडीतला निम्मा गुण कडू रसाचा असेल, निम्मा त्या भयंकर आवाजाचा. हल्ली टूथपेस्टच्या खोक्यावर पानं एवढी मोठी छापतात की आत झाडच असेल असं वाटावं. जीभ खरवडा, हे मात्र कुणी ठळक छापत नाही.

मी तांब्याची जिभली आणली. आठ दिवस इमानाने वापरली. डबी निघायची ती निघतच राहिली. शेवटी भांडुपला धीर केला.

“अगं, खरं सांग. माझ्या तोंडाला वास येतो का?”

ती लालबुंद झाली. “तुझ्या? मला वाटलं माझ्या येतो! तू रोज खिडकीकडे तोंड करून बसतेस ना. म्हणून मी खाते. आणि एकटीने खाल्ली तर तुझ्या लक्षात येईल, म्हणून तुलाही देते.”

खिडकीकडे मी वाऱ्यासाठी बघते, हे तिला शपथेवर सांगितलं. पटलं की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मुलुंडला डबी निघाली. मी दोन घेतल्या.